विहारातील विद्या आणि घरातील शाळा

गतवर्षी वर्षावासाच्या प्रारंभी आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे पत्र आले. आठ वर्षांच्या मुलीला शाळेतून काढून घरीच शिकविण्याचे त्याने व त्याच्या पत्नीने ठरविले होते. शहरातील त्या शाळेत शिक्षिकेने एके दिवशी वर्गासमोर मुलीच्या आडनावाविषयी काही विचारले, मुले हसली, आणि मुलगी दुसऱ्या दिवसापासून सकाळी पोटात दुखते म्हणू लागली. आईवडील दोनदा शाळेत जाऊन आले. काही निष्पन्न झाले नाही. ‘आपल्या निवासी विद्यालयात पाठवायला ती अजून लहान आहे. तोवर घरी शिकविताना आपल्या धम्मपरंपरेतून आम्हांला काय घेता येईल?’ असा त्याचा प्रश्न होता. त्याला दिलेल्या उत्तराचाच विस्तार करून हा लेख स्मरणिकेसाठी सिद्ध केला आहे. कारण असेच प्रश्न आणखी काही पालकांनी तोंडी विचारले आहेत.

खरे सांगायचे तर पत्र वाचून आम्ही प्रथम अस्वस्थ झालो. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले. त्या काळी बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा त्यांना घरून न्यावा लागे आणि शाळेचा शिपाई हजर नसला तर पाण्यावाचून राहावे लागे. तरीही शाळा सुटली नाही. पुढे १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, ते मुलांना शाळेच्या दारापर्यंत पोहोचता यावे म्हणूनच. ज्या दारासाठी आजोबा-पणजोबांनी एवढे सोसले, त्या दारातून नातीने आपण होऊन माघारी यावे, हे मनाला सहज पटत नव्हते. परंतु अपमान गिळून वर्गात बसून राहा, असे आठ वर्षांच्या मुलीला सांगण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला, हाही प्रश्न होताच. शिवाय आम्ही स्वतः मुलांना घरापासून दूर आणून शिकविणारे लोक. म्हणून उपदेश बाजूला ठेवला आणि ग्रंथ उघडले.

प्राचीन बौद्ध विहार म्हणजे आजच्या अर्थाची शाळा नव्हे. ती भिक्खूंच्या साधनेची जागा होती. तेथील शिक्षण प्रामुख्याने प्रव्रजितांसाठी होते. पुढे नालंदेसारख्या महाविहारांत गृहस्थ विद्यार्थीही येत. सातव्या शतकात तेथे सुमारे दहा वर्षे राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूने त्यांचा ‘माणव’ आणि ‘ब्रह्मचारी’ असा स्वतंत्र उल्लेख केला आहे. ही मर्यादा लक्षात घेऊनही एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. शिष्यासाठी त्या परंपरेत ‘अंतेवासी’ असा शब्द आहे. आपल्या कान्हेरीच्या आणि कुड्याच्या लेण्यांतील दानलेखांत तो येतो, भिक्खुणींच्या संदर्भात ‘अंतेवासिनी’ असाही येतो. त्याचा अर्थ जवळ राहणारा, जवळ राहणारी. शिकण्याची व्याख्याच मुळी सहवासातून केलेली आहे. त्या दृष्टीने पाहता, घंटेवर चालणाऱ्या आणि तासागणिक शिक्षक बदलणाऱ्या शाळेपेक्षा घरच विहाराला अधिक जवळचे आहे. घरी शिकविणाऱ्या आईवडिलांपाशी ही मोठी शिदोरी आहे. पण सहवास म्हणजे चोवीस तास. अंतेवासी केवळ पाठ ऐकत नाही. तो आपल्याला जेवताना, रागावताना, शेजाऱ्याशी बोलताना पाहत असतो.

विनयपिटकात राजगृहाची एक गोष्ट आहे. उपाली नावाच्या मुलाच्या आईवडिलांना मुलाच्या भवितव्याची चिंता पडली. आपल्यामागे याने सुखाने जगावे. पण याला शिकवावे काय? लेखन शिकविले तर बोटे दुखतील. गणित शिकविले तर छातीवर ताण येईल. नाणी पारखायला शिकविले तर डोळे बिघडतील. मग त्यांना सुचले की शाक्यपुत्रीय श्रमणांना चांगले अन्न मिळते, निवाऱ्याला झोपायला मिळते. तेव्हा याला प्रव्रज्याच द्यावी. उपालीने हे ऐकले, मित्रांना सांगितले, आणि सतरा मुले आईवडिलांच्या संमतीने संघात दाखल झाली. भिक्खूंनी त्यांना थेट उपसंपदा दिली. पहाट होण्यापूर्वीच मुले उठून पेज द्या, भात द्या, खाऊ द्या म्हणून रडू लागली. भिक्खू म्हणाले, उजाडू द्या. असेल तर मिळेल, नसेल तर भिक्षेला जाऊन आणावे लागेल. मुलांनी अंथरुणे घाण केली. तो गलका तथागतांच्या कानी गेला, आणि वीस वर्षांखालील कोणालाही उपसंपदा देऊ नये असा नियम झाला.

आमच्या वसतिगृहात पहिल्या आठवड्याची रात्र ज्यांनी काढली आहे त्या माजी विद्यार्थ्यांना हे वाचून हसू येईल. पण यात आईवडिलांची चूक कोणती? मुलावरचे त्यांचे प्रेम खोटे नव्हते. त्यांनी प्रत्येक विद्या तिच्यापासून होणाऱ्या त्रासावरून तोलली, आणि जेथे त्रास दिसला नाही ते ठिकाण निवडले. ठिकाणही उत्तमच होते. मूल तेवढे त्या ठिकाणाच्या मापाचे नव्हते. शाळेतील एका दुःखामुळे घर निवडणाऱ्या पालकांनी ही गोष्ट मनाशी ठेवावी. दुःखातून सुटका हे शाळा सोडण्याचे कारण होऊ शकते, परंतु तेवढ्याने घरातला अभ्यासक्रम ठरत नाही. दोष केवळ पालकांचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पारख न करता मुले दाखल करून घेणारी संस्थाही तितकीच चुकली होती, आणि नियम बदलला तो संस्थेचा.

बालकांसाठी संघाचा नियम कठोर होता, तसा तो माणसाळलेलाही होता. श्रामणेर होण्यासाठी पंधरा वर्षांचे वय ठरले होते. पुढे आनंदांना मानणारे एक कुटुंब रोगाच्या साथीत दगावले आणि दोनच मुले मागे राहिली. सवयीने ती भिक्खूंकडे धावत, आणि वयाच्या नियमामुळे भिक्खू त्यांना परतवीत. आनंदांनी ही अडचण मांडली तेव्हा, जो मुलगा कावळे हाकलण्याइतका मोठा असेल त्याला श्रामणेर करता येईल, अशी सूट मिळाली. वयाचे हे माप आम्हांला फार आवडते. वर्षांचा आकडा नाही. मूल कोणते काम करू शकते, ते पाहा.

आता राहुलाकडे वळू. सात वर्षांचा राहुल आईच्या सांगण्यावरून पित्याकडे वारसा मागायला गेला आणि त्याला प्रव्रज्या मिळाली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरचा प्रसंग मात्र कमी सांगितला जातो. आजोबा शुद्धोदन व्याकूळ होऊन आले. आधी पुत्र गेला, मग नंद गेला, आता नातूही गेला. हे दुःख कातडीपासून हाडांच्या मज्जेपर्यंत कापीत जाते, असे त्यांनी सांगितले आणि यापुढे मातापित्यांच्या अनुमतीशिवाय कोणाही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती केली. ती मान्य झाली. जगाला मार्ग दाखविणाऱ्या शास्त्याने एका म्हाताऱ्या आजोबाचे म्हणणे ऐकून नियम बदलला. घरी शिकविण्याचा निर्णय आईवडील घेतात, तेव्हा आजीआजोबांना बहुधा बातमी मिळते, विचारले जात नाही. शाळेसाठी खस्ता खाल्लेल्या आजीला ‘नात शाळेत जात नाही’ हे कसे वाटत असेल, याचा विचार आमच्या पत्रलेखकाने केला होता का, हे आम्ही त्याला विचारले.

राहुलाच्या शिक्षणातील एक पाठ मज्झिमनिकायात जतन झाला आहे. राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे राहुल राहत असताना भगवान तेथे गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यासाठी पाणी ठेवले. भगवंतांनी पाय धुतले, भांड्यात थोडेसे पाणी उरविले आणि राहुलाला दाखविले: जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रमणत्व एवढेसेच असते. मग ते पाणी फेकले. मग भांडे पालथे केले. मग उलटून रिकामे दाखविले. दर वेळी एकच गोष्ट, थोडी अधिक खोल. नंतर आरसा कशासाठी असतो, असे विचारले. पाहण्यासाठी, असे राहुलाने सांगितले. तसेच प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावी. शरीराने केलेली, वाणीने केलेली, मनाने केलेली. तिने स्वतःला किंवा दुसऱ्याला पीडा होईल का, एवढे तपासावे. चूक झालेली आढळली तर ती शास्त्यापाशी किंवा जाणत्या सोबत्यापाशी उघड करावी.

या पाठात राहुलावर आरोप नाही. तू काल खोटे बोललास का, अशी उलटतपासणी नाही. शिकविण्याचे साधन मुलानेच आणून ठेवलेले, पायधुणीचे भांडे. त्यासाठी बाजारातून काही आणावे लागले नाही. आणि शेवटी परीक्षकाचे आसन मुलाकडेच सोपविले आहे, कारण आरसा त्याच्या हाती दिला. घरी शिकविणाऱ्या पालकांची आम्ही पाहिलेली सर्वांत मोठी अडचण ही की ते एकाच वेळी आई, शिक्षक, परीक्षक आणि पोलीस होतात, आणि मुलाला यांपैकी कोणापासूनच सुट्टी मिळत नाही. आरसा मुलाच्या हाती गेला की निदान पोलिसाचे काम संपते. हा उपदेश केवळ लहानांसाठी वा भिक्खूंसाठी मानला गेला नाही. सम्राट अशोकाने राजस्थानातील बैराट येथील लेखात काही निवडक धम्मपर्याय नावानिशी सांगितले आहेत. भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका या सर्वांनी ते वारंवार ऐकावे व मनन करावे, अशी त्याची इच्छा होती. त्यांत राहुलाला केलेला, असत्यभाषणाविषयीचा हा उपदेश आहे.

पाठांतराविषयी थोडे. खुद्दकपाठात श्रामणेरांसाठी दहा प्रश्नांची एक छोटी माला आहे. एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, असे दहापर्यंत विचारीत जायचे. एकाच्या उत्तरात सर्व जिवांचा आधार असलेला आहार येतो, दोहोंत नाम आणि रूप, तिहींत वेदना, चारांत आर्यसत्ये. अंक येणाऱ्या कोणत्याही मुलाला ती लक्षात राहते, आणि अर्थ मात्र आयुष्यभर पुरतो. पहिलाच प्रश्न भाकरीचा आहे, हे आम्हांला विशेष वाटते. आमच्याकडे सकाळच्या वंदनेनंतर लहान मुलांना आम्ही ही माला सांगतो. घरी ती स्वयंपाकघरातही सांगता येईल. मात्र नुसत्या कृतीवर थांबू नये. सिगालाचा पिता मरताना सहा दिशांना नमस्कार करण्यास सांगून गेला. मुलगा भल्या पहाटे ओल्या वस्त्रांनी दिशांना हात जोडीत राहिला, पण त्या दिशा कोण, हे बुद्ध भेटेपर्यंत त्याला कळले नव्हते. आपल्याही पुष्कळ घरांत वंदना होते आणि ‘वेरमणी’ या शब्दाचा अर्थ मात्र मुलाला कोणी सांगितलेला नसतो.

आमच्या मते या परंपरेचा गाभा महावग्गातील एका प्रकरणात आहे. उपाध्याय आणि त्याचा सद्धिविहारिक, म्हणजे सोबत राहणारा शिष्य, यांनी एकमेकांशी कसे वागावे, हे त्यात सांगितले आहे. शिष्याने पहाटे उठून उपाध्यायाला दंतकाष्ठ द्यावे, तोंड धुण्यास पाणी द्यावे, आसन मांडावे, पेज द्यावी, भांडे घासताना ते खरवडू नये, खोली झाडावी. येथवर वाचून अनेक पालक सुखावतात. त्यांनी पुढे वाचावे. उपाध्यायाने शिष्याला पाठ द्यावा, प्रश्नोत्तर करावे, उपदेश करावा, मार्गदर्शन करावे. आपल्याकडे अधिकचे पात्र-चीवर असून शिष्याकडे नसेल तर द्यावे. आणि शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने पहाटे उठावे, दंतकाष्ठ द्यावे, आसन मांडावे, पेज द्यावी. जवळजवळ तीच यादी, माणसे उलटी. इत्सिंगानेही लिहून ठेवले आहे की शिष्य रात्रीच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रहरी गुरूकडे जाई. गुरू आधी त्याला नीट बसायला सांगे, मग त्रिपिटकातील पाठ देई. आणि शिष्य आजारी पडला तर पोटच्या मुलासारखी त्याची शुश्रूषा करी. शिष्याला घालवून देण्याचेही नियम होते. जो घालविण्यास पात्र नाही त्याला घालविले तर दोष उपाध्यायाचा. जो क्षमा मागतो त्याला क्षमा केली नाही, तर तोही दोष उपाध्यायाचाच.

याहून पुढची गोष्ट अशी की उपाध्यायाच्या मनात चुकीची दृष्टी उत्पन्न झाली, तर चर्चेने ती दूर करणे हे शिष्याचे कर्तव्य सांगितले आहे. बोलताना मध्येच तोडू नये, एवढी मर्यादा आहे. मोठ्यांची चूक दाखविणे हा येथे उद्धटपणा ठरत नाही, ती सेवा ठरते.

या ठिकाणी सुभेदार रामजींचे घर आठवल्यावाचून राहत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्या घरातील धार्मिक शिक्षणाची हकीकत सांगितली आहे. वडील कबीरपंथी, शिस्तीचे कडक. झोपण्यापूर्वी भीमराव आणि थोरले बंधू यांनी रामायण-महाभारताचा भाग बहिणींना व जमलेल्या लोकांना वाचून दाखवावा, असा नेम होता. तो अनेक वर्षे चालला. मूर्तिपूजा न मानणारे वडील मुलांसाठी गणपती बसवीत, ही विसंगती मुलाच्या नजरेतून सुटली नाही. शूद्रांना व अस्पृश्यांना हीन लेखणाऱ्या कथा आम्ही का वाचाव्यात, असे त्याने विचारले. वडिलांना ते रुचले नाही. मुलांनी सांगितलेले ऐकावे, असे त्यांचे प्रथम उत्तर होते. पुढे त्यांनी कारण दिले, मुलाचे समाधान झाले नाही. रामजींविषयी आमच्या मनात केवळ कृतज्ञता आहे. त्यांनी लावलेल्या वाचनाच्या शिस्तीवर पुढचे सारे उभे राहिले. तरीही त्या घरातील सर्वांत मोलाचा क्षण आम्हांला वाटतो तो प्रश्नाचा. आणि दुसरा, घराबाहेरचा माणूस आत आल्याचा. इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर समाजाने भीमरावांचा सत्कार करायचे ठरविले. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजी नकार देत होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांचे मन वळविले, सभेचे अध्यक्षपद भूषविले आणि स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. घरातल्या पोथ्यांत नसलेला बुद्ध त्या मुलाला पाहुण्याच्या हातून मिळाला.

म्हणून पत्रलेखकाला आम्ही एकच आग्रह धरला. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत गेलात तर विहाराची रचना पाहा, असे लिहिले. भोवताली एकेका भिक्खूच्या लहान खोल्या, आत दगडी ओटा. आणि प्रत्येक खोलीचे दार मधल्या मोठ्या मंडपात उघडते. घरी शिकणाऱ्या मुलाला खोली मिळते, मंडप मिळत नाही. सिगालोवाद सुत्तात आचार्याची पाच कर्तव्ये आहेत, त्यांपैकी एक म्हणजे शिष्याला मित्रमंडळींत परिचित करून देणे. हे कर्तव्य एकट्या आईवडिलांच्याने पार पडत नाही. दहावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत देता येते, पुस्तके मिळतात, शिकवणीही मिळते. समवयस्क मुलांशी भांडण आणि समेट मात्र घरात बसून शिकता येत नाही. अपमान करणाऱ्या वर्गातून मुलीला बाहेर काढले, ते ठीक. परंतु तिच्यासाठी जग तेवढ्या वर्गाएवढेच आहे, असे तिला वाटू देऊ नये. वस्तीतील विहारात रविवारी जाणे, मामाच्या दुकानात बसणे, गणित जाणणाऱ्या शेजारणीकडे जाणे, कोणत्या तरी मंडपाचे दार उघडे ठेवावे. आमच्या विद्यालयाच्या वर्षावासातील रविवारच्या वर्गांनाही तिने यावे, असे आम्ही कळविले. ती आली, पहिले दोन रविवार आईचा पदर सोडला नाही, तिसऱ्या रविवारी कबड्डीत गुडघा फोडून घेतला.

पत्राच्या शेवटी आम्ही कोसल देशातील भिक्खूंची गोष्ट लिहिली होती. काही भिक्खूंनी वर्षावासात आपसांत कलह होऊ नये म्हणून तीन महिने एकमेकांशी बोलायचेच नाही, असे ठरविले आणि पाळलेही. खाणाखुणांनी कामे केली. नंतर मोठ्या समाधानाने ते भगवंतांना हे सांगू लागले, तेव्हा जनावरांसारखे एकत्र राहिलात, असे त्यांना ऐकावे लागले. त्याच प्रसंगी प्रवारणेचा विधी ठरला. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खूने, आणि सर्वांत आधी ज्येष्ठाने, माझे जे काही दोष पाहिले, ऐकले वा शंकेने जाणवले असतील ते कृपा करून सांगा, असे संघाला विनवायचे. घरातही अबोल शांतता पुष्कळदा शिस्त म्हणून मिरवते. आश्विन पौर्णिमेला तुम्ही तिघांनी प्रवारणा करून पाहा, वडिलांपासून आरंभ करा, एवढे लिहून आम्ही पत्र संपविले.

पौर्णिमेनंतर आठवड्याने उत्तर आले. वडिलांनी चटईवर बसून मुलीला हात जोडून विचारले होते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, माझं गणित चुकलं की तुम्ही आईकडे बघून हसता. शाळेतल्या बाईंसारखं.”